वंशावळीत नसलेल्या बायका

शनिवारवाड्याला पाच दरवाजे. दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ दरवाजा. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे बघायला शाळांच्या सहली येतात, उरलेल्या चौघांकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर वाड्यात कोण कुठल्या पायरीचं, हे या दरवाज्यांवरूनच ठरायचं. घरातल्या बायका कसबा गणपतीच्या दर्शनाला निघायच्या त्या गणेश दरवाज्यातून. दासी, कुणबिणी आणि नाटकशाळा (ठेवलेल्या कलावंतिणी) यांची ये-जा जांभूळ दरवाज्यातून. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, तेव्हा त्यांचं प्रेतही याच दाराने बाहेर काढलं गेलं. तेव्हापासून त्याला नारायण दरवाजा म्हणू लागले आणि दासींची ओळख त्या दारावरून पुसली गेली.

त्या दिवशी अर्ध्याएक तासात अकरा माणसं कापली गेली. सात ब्राह्मण, दोन मराठे हुजरे आणि दोन कुणबिणी. शिवाय एक गाय. इच्छाराम ढेऱ्यांचं नाव राहिलं. धन्याच्या अंगावर आडवा पडून मेलेल्या चापाजी टिळेकराचं तर नाटका-कादंबऱ्यांत गेलं. कुणबिणींचा नुसता आकडा उरला.

कुणबीण आणि मोलकरीण यांत मोठा फरक होता. मोलकरणीला पगार असतो आणि नको झालं तर ती उद्यापासून येत नाही. कुणबीण विकत घेतलेली असायची. दुष्काळात आईबापांनी विकलेली, मोहिमेत धरून आणलेली, नाहीतर सरकारने शिक्षा म्हणून दासी केलेली. तिला रोजची अडशेरी आणि वर्षाकाठी लुगडं. किल्ल्यावर असली तर कोठीतलं धान्य निवडायचं आणि दळायचं, पागेत असली तर लीद काढायची, वाड्यात असली तर पाणी भरायचं, बाळंतिणींची उस्तवार करायची, मुलं खेळवायची. तिला झालेलं मूलही धन्याच्याच मालकीचं. चाकरी चांगली केली म्हणून सरदार-कारकुनांना सरकारातून कुणबीण बक्षीस मिळे. म्हातारी होऊन कामाची राहिली नाही की सोडून देत. हे सगळं कागदावर आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यात लढाया आणि तह जितके आहेत, तितकाच वाड्याचा खर्चही आहे आणि खर्चात या बायका आहेत.

शहरात मात्र नीतीचा बंदोबस्त कडक. कोतवालाची माणसं रात्री फिरत. कुणाची विधवा सून गरोदर आहे, कोण कुणाच्या घरी जातं, याची बातमी चावडीवर पोचे आणि दंड वसूल होई. १७९१ साली लोकांनी दगडांनी ठेचून मारलेला घाशीराम हा याच खात्याचा प्रमुख. व्यभिचार शाबीत झालेल्या बाईला सरकार कधी कैदेत टाकी, तर कधी कुणबीण करी. आता यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही तरी. परपुरुषाशी संबंध ठेवला म्हणून तिला दासी केलं आणि दासी झाल्यावर मालकाने तिला रात्री बोलावलं, तर तो गुन्हा उरला नाही. तिथे कोतवाल येत नसे.

तेव्हा अठराव्या शतकातल्या पुण्यात घरचा मालक आणि घरची कुणबीण यांचं नातं हे गुपित नव्हतंच. बायकोला ठाऊक असायचं, आईला, शेजाऱ्यालाही. त्याला ‘प्रेमप्रकरण’ म्हणायला जीभ अडखळते, कारण त्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती. झाकून ठेवावं लागे ते वेगळंच. मालकाचा खरोखर जीव जडला, तो तिला पत्नीसारखं वागवू लागला, तिच्या मुलाला आपलं मूल म्हणू लागला, की वाडा हादरायचा. देहाला परवानगी होती, जीव लावायला नव्हती.

लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात हाच प्रकार उलटा घडला. आर्थर मनबी नावाचा वकिली शिकलेला, सरकारी कचेरीत नोकरी करणारा, कविता लिहिणारा सभ्य गृहस्थ आणि हॅना कलविक ही भांडी घासणारी, पायऱ्या पुसणारी मोलकरीण. दोघांची गाठ १८५४ साली रस्त्यात पडली. १८७३ मध्ये त्यांनी गुपचूप लग्न केलं. त्यानंतर ती त्याच्या बिऱ्हाडी राहायला गेली, पण जगाच्या नजरेत मोलकरीण म्हणूनच. मित्र आले की ती चहा ठेवून बाहेर जायची. १९१० मध्ये मनबी वारला आणि मृत्युपत्रातून लग्न उघड झालं. त्याच्या आणि तिच्या रोजनिशा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पेटीबंद होत्या. त्या १९५० साली उघडल्या. तिथे मोलकरीण बायको आहे हे लपवलं गेलं. आपल्याकडे बायकोइतकी जवळची बाई दासीच आहे, हे कागदोपत्री टिकवलं गेलं.

पण मराठ्यांच्या इतिहासात एक दासी अशी होऊन गेली, की तिच्यापुढे हा सगळा शिरस्ता लटका पडला. तिचं नाव विरूबाई.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा संभाजीपुत्र शाहू सात वर्षांचे होते. आई येसूबाईंसोबत ते औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि पुढची सतरा-अठरा वर्षं तिथेच राहिले. छावणी म्हणजे दख्खनभर सरकत जाणारं तंबूंचं शहर. बादशहाच्या लेकीची, झीनतुन्निसा बेगमेची, या मायलेकरांवर मर्जी होती. तिथेच शाहूंची दोन लग्नं झाली, एक सिंदखेडच्या जाधवांच्या मुलीशी आणि दुसरं कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या मुलीशी.

परंपरेने चालत आलेली हकिकत अशी. लग्नानंतर बादशहाने नवरी बघायची इच्छा दाखवली. छत्रपतींच्या घरची नवी सून बादशहासमोर नेऊन उभी कशी करायची? आणि नाही तरी कसं म्हणायचं? कैदेतल्या माणसाला नकार परवडत नाही. तेव्हा नवरीबरोबर सासरी आलेल्या दासीला नवरीसारखं नटवलं आणि तिलाच पुढे केलं. ही विरूबाई. बादशहाने तिला बघितलं, शाहूंची बायको म्हणून. नवरी तंबूत सुरक्षित राहिली.

हकिकत तपशिलाने जशीच्या तशी घडली असेल-नसेल. बखरकारांना असले प्रसंग फार आवडतात. पण पुढचं सगळं आयुष्य त्या प्रसंगाला साक्ष द्यावी तसं झालं. घटकाभराच्या नाटकासाठी जिला उभी केली, तीच जन्मभर शाहूंच्या शेजारी राहिली.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहूंची सुटका झाली. सुटका पुरती नव्हती. येसूबाई, पत्नी सावित्रीबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंह यांना मोगलांनी ओलीस ठेवून घेतलं. ती माणसं १७१९ साली दिल्लीहून परतली. म्हणजे शाहू दक्षिणेकडे निघाले तेव्हा आई बरोबर नव्हती. बरोबर विरूबाई होती. वाटेत पारद गावी तिथल्या पाटलाने वाट अडवली. चकमक झाली, पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने तान्हं मूल आणून शाहूंच्या पायांवर घातलं. स्वराज्यात पाऊल टाकल्यावर मिळालेला पहिला विजय, म्हणून शाहूंनी मुलाचं नाव फत्तेसिंह ठेवलं, आडनाव भोसले दिलं आणि मूल विरूबाईच्या ओटीत घातलं. लोखंडे पाटलाचा मुलगा असा दासीच्या मांडीवर राजघराण्यात आला.

साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला जानेवारी १७०८ मध्ये. पुढे सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्या आल्या, शिर्के आणि मोहिते अशा मातब्बर घरांतल्या. मान त्यांचा होता. राजवाड्यातला शब्द मात्र विरूबाईंचा चाले. कुणाची अर्जी महाराजांच्या कानावर कधी घालायची, कुणाला काय द्यायचं, हे त्या बघत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी म्हणजे केवढं प्रस्थ! बाजीराव पेशव्यांना कर्ज देणारे, सरदारांना पत्रांतून खडसावणारे. त्यांच्या पत्रव्यवहारातही विरूबाई आहेत. राण्यांची आपसांतली धुसफूस त्या हयात होत्या तोवर दाबून राहिली.

शाहूंचा स्वभावच माणसं धरून ठेवण्याचा. त्यांनी शिकारीत जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. अशा माणसाने विरूबाईंना अंतर दिलं नाही यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दरबाराचं. पेशवे, प्रतिनिधी, चिटणीस या सगळ्यांनी ते मुकाट्याने चालवून घेतलं. एका अटीवर. विरूबाई राणी झाल्या नाहीत. लग्न लागलं नाही, सिंहासनाशेजारी जागा मिळाली नाही. फत्तेसिंहाला मान, फौज, अक्कलकोटचा मुलूख, सगळं मिळालं. पण शाहूंना औरस पुत्र नाही म्हणून वारसाचा घोर पडला, तेव्हा ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला आणलं गेलं. पाळण्यापासून ‘भोसले’ म्हणून वाढलेला माणूस समोर असताना.

साताऱ्यात हे चालू असताना पुण्यात दुसरंच रामायण पेटलं होतं.

बाजीराव आणि मस्तानी यांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. सिनेमाने ती इतकी चकचकीत केली आहे की मूळ रंग शोधावा लागतो. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालांच्या मदतीला बुंदेलखंडात धावले आणि तिथून मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली, हे सर्वमान्य. ती छत्रसालांची मुलगी, असं बुंदेली परंपरा म्हणते. पुण्याचे कागद तिला कलावंतीण म्हणतात. राजकन्या आणि कलावंतीण यांच्यातलं अंतर केवढं, पण पुण्याला ती दुसऱ्याच खान्यात बसवायची होती. कलावंतीण म्हटलं की प्रश्न मिटत होता. नाटकशाळा घरोघरच्या मोठ्यांकडे होत्या. त्यात मस्तानी एक, आणखी काय.

बाजीरावांनी तो खाना मानला नाही, घोळ तिथे झाला. त्यांनी तिला शनिवारवाड्याच्या आत महाल बांधून दिला, स्वतंत्र दरवाजा दिला. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिच्याकडे दिली. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याची मुंज करावी, त्याला ब्राह्मण म्हणून वाढवावं, अशी त्यांची इच्छा होती, असं परंपरा सांगते. त्याचं कृष्णसिंह हे नाव मागे पडलं आणि समशेर बहादूर उरलं. दासीपुत्राला जहागीर द्या, हत्ती द्या, कुणी हूं का चूं करणार नाही. जानवं मागितलं की धर्मसभा बसते.

१७३९ च्या पावसाळ्यानंतर गोष्टी हातघाईवर आल्या. घरात सदाशिवरावांचं लग्न आणि रघुनाथरावांची मुंज ठरली होती. बाजीराव हजर असतील तर कार्याला बसणार नाही, असा पुण्यातल्या भिक्षुकांचा पवित्रा. धाकटे भाऊ चिमाजी अप्पा म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतलेले वीर. थोरले चिरंजीव नानासाहेब जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. चुलत्या-पुतण्यांनी मिळून मस्तानीला नजरकैदेत ठेवलं. बाजीराव संतापून पाटसला जाऊन राहिले. नोव्हेंबरात एका रात्री मस्तानी पहारा चुकवून निसटली आणि पाटसला त्यांच्यापाशी पोचली. पुण्याहून पाटस काही पेठांच्या अंतरावर नाही, चांगली पंधरा-सोळा कोसांची वाट. घरच्यांनी महादोबा पुरंदऱ्यांसारखी वजनदार माणसं मागे धाडली आणि समजावून तिला पुण्याला परत आणवली. बाजीराव निजामाच्या मुलाशी, नासिरजंगाशी, लढायला गोदावरीकडे गेले. ते मोहिमेत अडकलेले पाहून जानेवारी १७४० मध्ये तिला पुन्हा कैद केली.

याच सुमारास साताऱ्याहून एक निरोप आला. त्याकडे फारसं कुणी थांबून बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तोच मोलाचा. दरबारातले गोविंदराव चिटणीस यांनी शाहू महाराजांचं मन खाजगीत जाणून घेतलं आणि नानासाहेबांना कळवलं. आशय असा, की रावांच्या माणसाला जबरदस्तीने तोडू नका, तिला अटकेत ठेवू नका, रावांचं मन दुखवू नका. दोष असेल तर तो ज्याचा त्याने उमजून सोडावा, बाहेरून बळ करून ते सुटत नसतं.

छत्रपतींनी पेशव्याला खूश ठेवायचं राजकारण म्हणून असं सांगितलं, असा अर्थ काढता येतो आणि तो चुकीचाही नाही. बाजीरावांसारखा सेनानी बिथरला तर नुकसान राज्याचंच होतं. पण हे सांगणाऱ्या राजाच्या महालात तेव्हा विरूबाई होत्या, कदाचित भिंतीपलीकडेच. दासीवर जीव जडणं म्हणजे काय, हे त्या दरबारात शाहूंइतकं कुणाला कळत असणार? पुण्याच्या वाड्यात मात्र हा सल्ला उपयोगी पडला नाही. साताऱ्यात जे खपून गेलं ते पुण्यात का खपलं नाही, याचं उत्तर जातीत आहे. शाहू क्षत्रिय राजे. राजाच्या घरी दासी, राजाच्या घरी मानलेला मुलगा, हे जुनं चालत आलेलं. पेशवे चित्पावन ब्राह्मण, त्यात नवे. भट घराणं श्रीवर्धनहून घाटावर येऊन पुरती दोन पिढ्याही झाल्या नव्हत्या. आपल्या ब्राह्मणपणाला धक्का लागेल अशी धास्ती त्यांना कायमची. शिवाय मस्तानीचा धर्म. आणि विरूबाईंनी आयुष्यात एक गोष्ट मागितल्याचं दिसत नाही, ती म्हणजे पंक्तीतली जागा. बाजीराव मस्तानीच्या मुलासाठी नेमकी तीच मागत होते.

२७ फेब्रुवारी १७४० रोजी मुंगी-पैठणला नासिरजंगाशी तह झाला. बाजीराव पुण्याला आले नाहीत. ते उत्तरेकडे वळले आणि २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने गेले. वय चाळीस पुरतं नव्हतं. मस्तानीही त्यानंतर लवकरच गेली. विष घेतलं, सती गेली, हाय खाऊन मेली, असं ज्याला जे हवं ते लिहिलं गेलं. पाबळला तिची कबर आहे. डिसेंबरात चिमाजी अप्पा वारले. आणि त्याच महिन्यात साताऱ्यात विरूबाई गेल्या.

त्यांचे अंत्यविधी फत्तेसिंहाने केले. मुलगा म्हणून. शाहूंनी शोक लपवला नाही. पुढच्या नऊ वर्षांत राजवाड्याची घडी विसकटली ती विसकटलीच. दोन्ही राण्यांचे तंटे उघड्यावर आले, कारभारात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि सकवारबाई सती गेल्या, किंवा त्यांना जावं लागलं. विरूबाई तोवर जिवंत असत्या तर त्यांना कुठल्या दाराने बाहेर काढलं असतं, असा विचार मनात येऊन जातो.

दासी आणि नाटकशाळा कागदात हरवतात. त्यांची मुलं हरवत नाहीत, कारण त्यांच्या हातात तलवार असते. मस्तानीच्या मागे समशेर बहादूर पेशव्यांच्या घरातच वाढला, बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंच्या मायेत. पंक्तीला नाही, पण लढाईला पुढे. १७६१ मध्ये पानिपतावर जबर जखमी झाला आणि माघारीच्या वाटेत जाटांच्या मुलखात वारला. त्याच्या मुलाने, अली बहादूरने, बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली. १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला बांद्याचा नवाब तो याच वंशातला. शनिवारवाड्याच्या मस्तानी दरवाज्याला अली बहादूर दरवाजा असंही नाव आहे. आजीच्या नावापेक्षा नातवाचं नाव घेणं काहींना सोपं गेलं असावं.

पण या मुलांपैकी ज्याने पुण्याचं भवितव्यच फिरवलं, तो यशवंतराव होळकर. तुकोजी होळकर १७९७ च्या ऑगस्टात पुण्यात वारले. काशीराव आणि मल्हारराव हे त्यांचे लग्नाच्या बायकोचे मुलगे. यशवंतराव आणि विठोजी हे दुसऱ्या स्त्रीचे. महिन्याभरात दौलतराव शिंद्याच्या फौजेने रात्री होळकरांच्या तळावर छापा घालून मल्हाररावाला ठार केलं. यशवंतराव आणि विठोजी निसटले. ना गादीवर हक्क, ना पाठीशी दौलत. जमवलेल्या घोडेस्वारांवर दोघांनी पुंडावा मांडला. विठोजी पकडला गेला. १६ एप्रिल १८०१ रोजी दुसऱ्या बाजीरावाने त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं आणि बाजीराव ते वरून बघत बसला होता. औरस सरदाराच्या बाबतीत पेशव्याने इतकं धाडस केलं असतं का, याची शंका येते. ‘हा काय, होळकरांचा दासीपुत्र’ हा हिशोब त्यात होताच.

हिशोब चुकला. यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेत उतरला. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. हडपसरच्या मैदानात त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजांचा धुव्वा उडवला. लढाई निसटतेय असं दिसताच तो स्वतः तोफांवर चालून गेला. दुसरा बाजीराव सिंहगडाकडे पळाला, तिथून कोकणात आणि अखेर वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाने पेशवाईचं स्वातंत्र्य गहाण पडलं. एवढं करूनही यशवंतरावाला सुरुवातीची वर्षं कारभार करावा लागला तो मारल्या गेलेल्या मल्हाररावाच्या तान्ह्या मुलाच्या, खंडेरावाच्या नावाने. जिंकलेलं शहर त्याचं, शिक्का औरसाचा.

पुण्याच्या संगमावर बंगला बांधून राहिलेल्या इंग्रजांनी इथली रीत चटकन उचलली. १७८६ मध्ये पुण्याला आलेला कंपनीचा पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. अंबर कौर नावाच्या हिंदुस्थानी स्त्रीपासून त्याला तीन मुलं होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रं आज आपण बघतो ती त्याच्यामुळे. त्याने अंबर कौरचंही चित्र काढलं. पुढे मॅलेटने मुलं विलायतेला धाडली, स्वतः १७९८ मध्ये परत गेला आणि पुढच्या वर्षी याच वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, रीतसर लग्न केलं. सरदारकी त्या लग्नाच्या थोरल्या मुलाकडे गेली. पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात याहून वेगळं घडलं नसतं.

गुलामगिरीला कायद्याची मान्यता नाही, असं कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने जाहीर केलं. कुणबिणींची खरेदीखतं थांबली. वाड्यांतल्या बायका मात्र दुसऱ्या दिवशी कुठे गेल्या नाहीत, कारण जायला जागा नव्हती. त्यांच्या मुलांची निराळी बिऱ्हाडं झाली, काहींच्या निराळ्या जाती झाल्या. ब्राह्मण बाप आणि इतर जातीतली आई यांची संतती नागपूर-वऱ्हाडकडे विदुर म्हणून ओळखली गेली. महाभारतातला दासीपुत्र त्यासाठी बरा सापडला. मराठ्यांत लेकावळे, अक्करमासे हे शब्द रोटीबेटीच्या बोलण्यात गेल्या शतकापर्यंत उघड वापरात होते.

यातला शेवटचा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला तो १९८४ साली. विरूबाईंच्या मांडीवर वाढलेल्या फत्तेसिंहाला जो अक्कलकोटचा मुलूख मिळाला होता, त्याच तालुक्यातल्या हन्नूर गावी शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म झाला, १९५६ मध्ये. आई दलित, बाप सवर्ण पाटील. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘अक्करमाशी’ हेच नाव दिलं. त्यात रोमान्स नाही, भूक आहे, आणि शाळेत बापाचं नाव कोणतं लावायचं याचा पेच आहे. पाटलाच्या वंशावळीत लेखकाला जागा नव्हती. पुस्तकात त्याने जागा दिली ती आईला, आजीला आणि आजीबरोबर राहणाऱ्या, नातवाला पोटाशी धरणाऱ्या मुसलमान आजोबांना.